नदी नाही, हे आम्हालाही माहीत आहे

(नवी मुंबईतल्या आमच्या नोडच्या सार्वजनिक तरण तलावाचा कारभार पाहणारे अधिकारी आणि क्रीडाविषयक निर्णय घेणारे सन्माननीय सदस्य यांना खुले पत्र)

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

‘तलावात कयाक, होडी, वल्ही व तत्सम साहित्य आणण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.’

तिकीट खिडकीच्या काचेला आतून चिकटवलेला हा कागद तुम्ही स्वतः पाहिला आहे की नाही, मला ठाऊक नाही. आदेश कोणाचा, ते त्यावर लिहिलेलं नाही. म्हणून पालकांच्या सह्यांचा अर्ज दिला, पोच घेतली, ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ ऐकून परत आले, पुन्हा गेले. शेवटी अर्ध्या पानाचं लेखी उत्तर हातात पडलं. त्यात मनाईची चार कारणं आहेत. शहरात नदी नसल्याने या खेळाला वाव नाही. या खेळात पदकाची शक्यता नाही. मुलांच्या जिवाला धोका संभवतो. आणि तलावाच्या लाद्या खराब होतात.

उत्तर दिलंत याबद्दल आभार, मनापासून. बहुतेक अर्जांच्या नशिबी तेवढंही नसतं. पण चारांतलं एकही कारण मला पटलेलं नाही, आणि अशीच उत्तरं इतर नोडमधल्या, खाडीपलीकडे ठाण्यातल्या लोकांनाही मिळत असणार, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. तलावाचं नाव आणि सही कोणाची हे मुद्दाम टाळलं आहे. सही करणारे बदलतात, कागद तसाच राहतो. माझं भांडण त्या कागदाशी आहे.

माझा यात संबंध काय, तेही सांगते. मी खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. बाबा ठाणे खाडीत जाळं टाकायचे. उधाण कधी, भांग कधी, हे आम्हाला शाळेच्या वेळापत्रकाआधी पाठ झालं. खाडीतली मासळी घटत गेली आणि घरातली होडी विकली गेली. मी मात्र पाणी सोडलं नाही. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग गाइड झाले आणि तिथेच कयाक शिकले. पर्यटकांच्या राफ्टबरोबर एक सेफ्टी कयाक चालते, माणूस पाण्यात पडला की आधी तिने गाठायचं असतं. ते काम मी केलं. आता नवी मुंबईतच राहते आणि सकाळी मुलांना कनू स्लॅलम शिकवते. मुलं वाडीतली आहेत, सेक्टरमधल्या सोसायट्यांतली आहेत, माथाडी कामगारांच्या चाळींतली आहेत. होड्या कोलाडच्या ओळखीच्या लोकांनी टाकून दिलेल्या, तडे गेलेलं प्लास्टिक वितळवून सांधलेल्या. फी घेत नाही. हे पुण्य म्हणून सांगत नाही, पैशांचा हिशेब विचारला गेला होता म्हणून सांगते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खळाळत्या पाण्यावर दोरांना दांड्यांच्या जोड्या टांगलेल्या असतात. प्रत्येक जोडी म्हणजे एक गेट. एका मार्गावर अशी १८ ते २५ गेट. हिरव्या-पांढऱ्या दांड्यांमधून प्रवाहाबरोबर उतरायचं, लाल-पांढऱ्या दांड्यांमधून प्रवाहाच्या उलटं चढायचं, आणि अशी उलटी गेट किमान सहा. होडी, वल्हं, खांदा, काहीही दांडीला लागलं की वेळेत २ सेकंदांची भर. गेट चुकलं तर ५० सेकंद, म्हणजे खेळ खलास. सगळा मामला दीड-पावणेदोन मिनिटांचा. के-वन प्रकारात बसून दोन पात्यांचं वल्हं मारतात. सी-वन प्रकारात गुडघ्यांवर बसून एकाच पात्याचं. सी-वनचा व्हिडिओ दाखवला तेव्हा वाडीतल्या एका आजोबांनी फक्त एवढंच विचारलं, ‘आणि याला वेळ लावून बघतात?’

तलावात आम्ही काय करत होतो? लोकांच्या पहिल्या बॅचच्या आधीच्या अर्ध्या तासात, एका बाजूने दुसऱ्या बाजूला दोर बांधून त्यावर प्लंबिंगच्या पाइपांच्या रंगवलेल्या दांड्या टांगत होतो. त्यांच्यातून होडी फिरवायची, दांडीला न लागता. उलटलेली होडी कमरेच्या झटक्याने पुन्हा सरळ करायची, म्हणजे रोल. बस्स.

आता तुमचं पहिलं कारण, नदीचं. ते सगळ्यांत वजनदार वाटतं, म्हणून त्यालाच जास्त वेळ देते.

जॉन लगबिल हे नाव तुमच्या कानावर आलं नसेल. आमच्या मुलांना त्याच्या विश्वविजेतेपदांची वर्षं पाढ्यासारखी येतात. १९६१ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जन्मला, व्हर्जिनियात वॉशिंग्टनजवळ वाढला. थोरला भाऊ रॉन हाही वल्हवणारा. त्या काळात स्लॅलम हा युरोपचा खेळ होता. जर्मन, चेक, फ्रेंच, स्विस. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जेमी मॅकइवन या अमेरिकन खेळाडूने सी-वनमध्ये कांस्य मिळवलं, त्याचंच तिकडे केवढं अप्रूप. लगबिल, डेव्हिड हर्न, बॉब रॉबिसन ही पोरं आणि त्यांचे प्रशिक्षक बिल एन्डिकॉट, एवढ्या मंडळींनी पुढच्या काही वर्षांत सी-वनचा नकाशाच फिरवला.

त्यांच्याकडे पोटोमॅक नदी होती. हे मी लपवत नाही. पण रोजचा सराव कुठे व्हायचा, ते बघा. नदीच्या मुख्य पात्रात नव्हे, तर बाजूच्या एका जुन्या कालव्यात. मालवाहू बोटींच्या कालव्याला पाणी पुरवण्यासाठी एके काळी काढलेला तो पोटपाट. बोटींची वाहतूक केव्हाच बंद झालेली. या पोरांनी त्यावर दोर ताणले, दांड्या टांगल्या. दुसऱ्या कोणाला त्या पाण्याचा काही उपयोग उरला नव्हता, यांना होता.

आणि हिवाळ्यात? तिकडे नद्या गारठतात, हात वल्ह्याला चिकटायची वेळ येते. मग ही मंडळी अमेरिकन नौदलाच्या एका टाकीत जायची. मेरिलँडमध्ये कार्डरॉकला डेव्हिड टेलर मॉडेल बेसिन नावाची जागा आहे. जहाज बांधण्याआधी त्याची छोटी प्रतिकृती पाण्यातून ओढून बघतात, त्यासाठी बांधलेली, छपराखालची, काही शे मीटर लांब, संथ पाण्याची टाकी. युद्धनौकांचं गणित जिथे होतं तिथे पोरं दांड्या टांगून वळणं घोटत होती. लाटा नाहीत, प्रवाह नाही. मी स्वतः जेव्हा हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा नौदलातल्या त्या कोणा अनाम अधिकाऱ्याचं मला जास्त कौतुक वाटलं. त्याला ‘नियमात बसत नाही’ म्हणणं किती सोपं होतं! आपल्याकडच्या पेक्षा त्याचे नियम नक्कीच कडक असणार. तरी त्याने किल्ली दिली.

१९७९ साली कॅनडात जाँक्येरला विश्वस्पर्धा झाली. लगबिल १८ वर्षांचा. सी-वनमध्ये पहिला लगबिल, दुसरा हर्न, तिसरा रॉबिसन. तिघेही त्याच कालव्यातले. डेव्हिडची बहीण कॅथी हर्न हिने महिलांच्या के-वनचं सुवर्ण नेलं. मग १९८१ वेल्समध्ये बाला, १९८३ इटलीत मेरानो, १९८७ फ्रान्समध्ये बुर्ग-सें-मोरीस, १९८९ घरच्या मैदानावर सॅव्हेज नदी. मधल्या १९८५ला जर्मनीत ऑग्सबुर्गमध्ये हर्न जिंकला आणि लगबिल दुसरा आला. वैयक्तिक पाच आणि सांघिक सात, अशी विश्वस्पर्धांतली बारा सुवर्णपदकं. सी-वनमध्ये त्याच्याहून मोठा कोणी झाला का, यावर वाद घालणारे आजही वाद घालतात. (स्लोव्हाकियाच्या मिखाल मार्तिकानचं नाव घेणारे आमच्याकडेही दोघं आहेत.)

पण पदकांपेक्षा मला त्याची होडी महत्त्वाची वाटते. तेव्हाच्या सी-वन होड्या फुगीर असायच्या. लाटांवर तरंगायला बऱ्या, वळायला जड. लगबिल आणि डेव्हिड हर्न यांनी स्वतः होड्या रेखाटल्या. पोट कमी केलं, टोकं इतकी चपटी केली की ती टांगलेल्या दांड्यांच्या खालून सरकून जावीत. शेपटाकडची बाजू पाण्याखाली दाबायची, पुढचं टोक हवेत उचलायचं आणि जागच्या जागी गर्रकन फिरायचं. आज जगभरचा प्रत्येक स्लॅलमपटू असाच वळतो. हे तंत्र धबधब्यात सुचत नाही. तिथे जीव सांभाळावा की शेपूट दाबावं? दांडी आणि टोक यांच्यात चार बोटांचं अंतर राहिलं की दोन, हे शांत पाण्यात दिसतं, आणि दिसलं तरच सुधारतं. आमच्या तलावात आम्ही जे करतो ते हेच.

तशी सगळ्या खेळाचीच गोष्ट अशी आहे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमध्ये बर्फावरच्या स्लॅलमवरून कोणाला कल्पना सुचली, आणि पहिल्या स्पर्धा झाल्या त्या संथ पाण्यावर. १९७२ला ऑलिंपिकसाठी ऑग्सबुर्गला जी वाहिनी तयार केली, तो मुळात नदीतून वाहत येणारा बर्फ बाजूला काढण्याचा कालवा होता. पूर्व जर्मनीने तिची नक्कल आपल्या झ्विकाऊ गावात उभी केली, गुपचूप सराव केला आणि चारच्या चार सुवर्णपदकं उचलून नेली. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकच्या तयारीसाठी अमेरिकन संघाने काय केलं? मेरिलँडमध्ये डिकरसनला कोळशावर चालणारं वीज केंद्र होतं. यंत्रं थंड करून बाहेर पडणारं कोमट पाणी ज्या चरातून नदीला मिळायचं, त्या चरात काँक्रीटचे धोंडे बसवले. झाली नदी. त्या वर्षी स्कॉट स्ट्रॉसबॉ आणि जो जेकोबी या जोडीने सी-टूचं सुवर्ण जिंकलं.

वीज केंद्रातून बाहेर पडणारं पाणी म्हटल्यावर कोलाडला गेलेल्या कोणालाही ओळख पटेल. आमची कुंडलिका तीच तर आहे. मुळशीच्या धरणाचं पाणी डोंगरातून खाली भिऱ्याच्या वीजगृहात पडतं आणि वीज करून झाली की नदीत येतं. ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, त्याच पाण्यावर आज मुंबईची मंडळी सुट्टीच्या दिवशी किंचाळत राफ्टमधून उतरतात. सकाळी पाणी सुटतं, तेव्हा नदी जागी होते. म्हणजे नदी आहे, साहेब. आपल्या शहरात नाही, शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. महिन्यातून एखादा रविवार टेम्पोत होड्या घालून आम्ही तिथे जातो. पण मधल्या सगळ्या सकाळी काय करायचं? पोटोमॅक दाराशी असणाऱ्यांनाही टाकी लागली. आम्ही तर तलावच मागत होतो.

नवी मुंबईत खाडी आहे ना, तिथे करा, असंही उत्तर देताना कोणी म्हणालं. खाडीचा मोठा भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२पासून पाणथळ जागांच्या रामसर या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, आणि तिथे मुलांच्या होड्या घुसवाव्यात असं मला, खाडीतल्या घरात जन्मलेलीला, अजिबात वाटत नाही. शिवाय ओहोटीला गुडघाभर गाळ. त्या पाण्यात मूल उलटं झालं की नाकातोंडात काय जाईल, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तलावाचं पाणी स्वच्छ असतं म्हणून तलाव.

दुसरं कारण, पदकाची शक्यता.

लगबिलचंच घ्या. १९७२नंतर स्लॅलम ऑलिंपिकमधून गेलं ते वीस वर्षांनी, १९९२ला परत आलं. या माणसाची सगळी भर त्या वीस वर्षांतली. पाच वेळा जगात पहिला आणि ऑलिंपिकमध्ये खेळच नाही. कोणत्याही समितीने तुमचा निकष लावला असता तर त्याला एक वल्हंही मंजूर झालं नसतं. १९९२ला खेळ परतला तेव्हा तो ३१ वर्षांचा. स्पेनमधल्या ला सेऊ दुर्जेलच्या मार्गावर एका दांडीला स्पर्श झाला. तेव्हा दंड २ नव्हे, ५ सेकंदांचा होता. तो चौथा आला. तिसऱ्यात आणि त्याच्यात दोन सेकंदांचंही अंतर नव्हतं. म्हणजे तुमच्या रजिस्टरात जॉन लगबिलच्या नावापुढे ‘ऑलिंपिक पदक : निरंक’ असं लिहावं लागेल. त्याच माणसाचा फोटो अमेरिकेत व्हीटीज नावाच्या न्याहारीच्या खोक्यावर छापला गेला, जिथे एरवी तिकडचे बेसबॉलचे, बास्केटबॉलचे सम्राट असतात. आणि वल्हं ठेवल्यावर त्याने काय केलं? व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात सर्वसामान्य लोकांना धावायला, सायकल चालवायला बाहेर काढणारी संस्था वर्षानुवर्षं चालवली. क्रीडा विभागाचं काम तेच असतं, असा माझा आपला समज.

तरी पदकंच हवी असतील तर टोगो या देशाला ऑलिंपिकमधलं आजवरचं एकमेव पदक याच खेळाने दिलं आहे. बेंजामिन बुकपेटी, बीजिंग २००८, के-वन, कांस्य. तो वाढला फ्रान्समध्ये, सराव तिथलाच, हेही सांगायला हवं. पण ‘हा आपला खेळ नव्हे’ या वाक्याचं वय संपलं आहे, एवढं त्याने दाखवलं. आणि फार लांब कशाला जायचं? २०२३च्या सुरुवातीला मध्य प्रदेशात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांमध्ये कनू स्लॅलम होतं. महेश्वरला, नर्मदेच्या सहस्रधारेवर. केंद्र सरकारच्या यादीत जो खेळ आहे तो आपल्या खिडकीपर्यंत पोहोचायला किती वर्षं लागावीत?

आमच्याकडे मुली निम्म्याहून जास्त आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकींना सी-वनच हवं असतं. लगबिलच्या काळात जागतिक स्पर्धेत बायकांना सी-वन नव्हतंच. ‘शरीराला झेपणार नाही’ हे तिथेही ऐकवलं जायचं. विश्वस्पर्धेत महिलांचं सी-वन आलं २०१०ला, ऑलिंपिकमध्ये टोकियोला. तिथलं पहिलं सुवर्ण ऑस्ट्रेलियाच्या जेसिका फॉक्सचं. पॅरिसला २०२४मध्ये तिने के-वन आणि सी-वन दोन्ही जिंकली आणि तिची धाकटी बहीण नोएमी हिने कयाक क्रॉस. आमच्यातल्या दोघी बहिणी तेव्हापासून एकमेकींशी सरळ बोलत नाहीत, फक्त वेळा सांगतात.

तिसरं कारण, धोका. हे कारण मी हसण्यावारी नेत नाही. कुंडलिकेवर मी माणसं ओढून काढली आहेत; पाण्याची भीती काय असते ते मला नोटीस वाचून कळायला नको. पण धोका नक्की कोणाला आहे ते बघा. दर पावसाळ्यात खारघरच्या पांडवकड्यावर जायला मनाई आदेश निघतो, येऊरच्या ओढ्यांवर पोलीस उभे राहतात, तरी दर पावसाळ्यात पोरं जातात आणि दर पावसाळ्यात पेपरात बातमी येते. ती पोरं आमची नसतात. पाणी कधी खेचतं, दगडामागचा उलटा प्रवाह कुठे थारा देतो, वाहून जाताना पाय पुढे ठेवायचे की मागे, थ्रो बॅगचा दोर कसा फेकायचा आणि कसा धरायचा, यातलं काही त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. २०१९च्या जुलैत उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकली. हजाराच्या वर प्रवासी. बाहेर काढलं ते होड्यांनीच. आपल्या जिल्ह्यात दर वर्षी पूर येतो, आणि होडी सांभाळू शकणाऱ्या तरुण मुलांना आपण तलावाबाहेर उभं करतो, याचा अर्थ मला लागत नाही.

आमचे नियम असे. न थांबता पोहता येत नाही तोवर होडीत बसायचं नाही. लाइफ जॅकेट आणि हेल्मेट तलावातसुद्धा. स्प्रे स्कर्ट, म्हणजे कमरेभोवती बसणारं होडीच्या तोंडाचं झाकण, उघडून उलट्या होडीतून बाहेर येणं माझ्यासमोर करून दाखवल्याशिवाय स्कर्ट लावायचा नाही. कडेला एक मोठं माणूस, हातात दोर. तुमच्या जीवरक्षकांनी हे सगळं बघितलेलं आहे. त्यांना विचारा. त्यांतल्या एकाने स्वतःच्या मुलाला आमच्याकडे घातलं होतं.

लाद्यांबद्दल फार लिहीत नाही. होड्यांच्या दोन्ही टोकांना जुन्या योगा मॅटचे तुकडे बांधलेले असतात. कनू पोलो नावाचा अख्खा खेळ जगभर तरण तलावांत खेळला जातो, होड्यांच्या नाकांवर रबरी गादी लावून. आणि ज्या तीन लाद्या फुटल्याचं उत्तरात म्हटलं आहे त्या उथळ बाजूच्या जिन्यापाशी आहेत, जिथे आमची होडी कधी जातच नव्हती. तिथे वाढदिवसासाठी लोखंडी टेबलं लागतात.

आणखी एक कारण आहे. ते कागदावर नाही, खिडकीपाशी तोंडी सांगितलं गेलं. ‘ताई, तुमची ती वाडीतली पोरं. मेंबर लोक कुरकुर करतात.’ बोलणाऱ्याचा राग आला नाही. तो दुसऱ्याचं बोलणं माझ्यापर्यंत पोहोचवत होता. पण हे शहर ज्या ९५ गावांच्या जमिनींवर, मिठागरांवर, खाजणांवर उभं राहिलं, त्यांत आमचीही गावं आहेत. १९८४च्या जानेवारीत दि. बा. पाटलांबरोबर रस्त्यावर उतरलेल्यांत आमच्या घरची माणसं होती. त्यांच्या नातवंडांना सार्वजनिक तलावात उतरायला कोणाच्या कपाळावरची आठी मोजावी लागत असेल, तर ते लेखी द्या. मग आपण त्यावर वेगळं बोलू.

मागण्या साध्या आहेत आणि त्यांत पैशाचा खर्च जवळजवळ नाही.

मनाईचा कागद मागे घ्यावा आणि आठवड्यातून दोन सकाळी, लोकांची पहिली बॅच सुरू होण्याआधीचा अर्धा तास आम्हाला पूर्वीसारखा द्यावा. सुरक्षेचे नियम तुमचे जीवरक्षक आणि आम्ही एकत्र बसून लिहू, त्यावर प्रत्येक पालक सही करेल. लाद्यांचं नुकसान आमच्यामुळे झालं असं दोन्ही बाजूंनी पाहून ठरलं, तर भरपाई आम्ही देऊ. पंपघराच्या मागे भंगार ठेवायची जी मोकळी जागा आहे, तिथे होड्या ठेवायला परवानगी मिळावी. सध्या त्या एका पालकांच्या गच्चीवर आहेत आणि सोसायटीची नोटीस तिथेही आली आहे. मुलांना जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या निवडीला जाताना शहराचं शिफारसपत्र लागतं. ‘हा खेळ आमच्या यादीत नाही’ म्हणून ते नाकारू नये, यादीत एक ओळ वाढवावी. आणि ठाणे व नवी मुंबई या दोन्ही शहरांत मिळून असा एक तरी स्वच्छ पाण्याचा तलाव शोधावा जिथे पर्यावरणाचे नियम न मोडता दांड्यांची एक ओळ कायमची टांगता येईल. तलावांचं शहर म्हणून ठाणं मिरवतं, मासुंदा तलावात लोकांसाठी बोटिंग चालतं. एखाद्या कोपऱ्यात सहा दांड्या मावतील.

कृत्रिम नदी आम्ही मागत नाही. सिडनी ऑलिंपिकसाठी पेनरिथला बांधली तशी पंपांवर चालणारी वाहिनी फार सुंदर असते, पण मोरबे धरणाची पातळी खाली गेली की ज्या शहरात पाणीकपातीच्या नोटिसा निघतात, तिथे विजेवर पाणी फिरवून खेळायला मलाच लाज वाटेल. उद्या कोणी ठेकेदार तसा प्रस्ताव घेऊन आलाच, तर आमचं नाव त्यात घालू नका.

या पत्राचं उत्तर पंधरा दिवसांत आणि लेखी मिळावं. होकार असेल तर कोणत्या दोन सकाळी ते कळवावं, म्हणजे शाळांच्या वेळा पाहता येतील. नकार असेल तर निर्णय कोणाचा, कोणत्या बैठकीत झाला आणि त्यावर अपील कोणाकडे करायचं, हे त्यात असावं. फोनवरून समजूत घालू नये, ही विनंती.

कळावे,

आपली,
खाडीकाठची एक स्लॅलम प्रशिक्षक
नवी मुंबई